कांदा, वाइन आणि निफाडचा ताळेबंद

निफाड, पिंपळगाव, ओझर या पट्ट्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या कोणालाही एक प्रश्न चुकलेला नाही. रक्तदाबाचा किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झालेला माणूस मीठ, तेल, साखर यांचं सगळं निमूट ऐकून घेतो आणि उठता उठता विचारतो, ‘मॅडम, रेड वाइन थोडी थोडी घेतली तर हृदयाला चांगली ना?’ विचारणारा बहुतेक वेळा शेतकरी असतो. त्याच्या शिवारात कुठेतरी वाइनची द्राक्षं असतात, किंवा होती. खळ्याच्या कडेला कांद्याची चाळ मात्र नक्की उभी असते. माझं माहेर याच तालुक्यातलं आणि उभी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या आहार विभागात गेली. त्यामुळे हा प्रश्न मला कधी परका वाटला नाही. त्याचं उत्तर त्याच माणसाच्या चाळीत पडलेलं आहे, हे मी प्रत्येकाला सांगत आले. पण असा प्रश्न आपल्याकडे मुळात आला कसा, याचाही एक इतिहास आहे आणि तो नीट मांडला गेलेला नाही.

आधी आकडे. शंभर ग्रॅम रेड वाइनमधून साधारण ८५ किलोकॅलरी मिळतात. तिच्यात अल्कोहोल साडेदहा ग्रॅमच्या आसपास असतं आणि अल्कोहोलच्या एका ग्रॅममागे ७ किलोकॅलरी, म्हणजे ८५ पैकी ७४ एकट्या अल्कोहोलच्या. प्रथिनं नावापुरती, तंतू नाहीत, जीवनसत्त्व ‘क’ शून्य, फोलेट एखादा मायक्रोग्रॅम. पोटॅशियम १२७ मिलिग्रॅम आणि लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या जवळपास. शंभर ग्रॅम कच्च्या कांद्यात ४० ते ५० किलोकॅलरी, एक ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं, पावणेदोन ग्रॅम तंतू, ७ ते ११ मिलिग्रॅम जीवनसत्त्व ‘क’, १९ मायक्रोग्रॅम फोलेट, १४६ मिलिग्रॅम पोटॅशियम. लोहाच्या बाबतीत वाइन कांद्याच्या पुढे आहे, तेही सांगायला हवं. बाकी सगळ्या रकान्यांत कांदा पुढे आहे. शिवाय कांद्यातली बरीचशी कर्बोदकं फ्रुक्टान प्रकारची असतात. ती आपल्या आतड्यात पचत नाहीत, तिथल्या उपयुक्त जिवाणूंचं अन्न होतात. (ज्यांना कच्च्या कांद्याने पोट फुगतं, त्यांना त्रास होतो तो याच फ्रुक्टानमुळे. त्यांनी शिजवून थोडा खावा.)

द्राक्षात जे असतं ते वाइनमध्ये का उरत नाही, असं लोक विचारतात. वाइनच्या द्राक्षात तोडणीच्या वेळी साखर २२ ते २४ ब्रिक्स असते, खाण्याच्या द्राक्षापेक्षा पुष्कळच जास्त. ही साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. रसातलं थोडंसं ‘क’ जीवनसत्त्व आंबवताना आणि पिंपात ठेवल्यावर नाहीसं होतं. ‘ब-१’ तर यीस्टच स्वतःसाठी वापरून टाकतं. साल, बी आणि गर गाळून काढतात, त्याबरोबर तंतू जातात. उरतात ती खनिजं आणि सालीतून उतरलेली रंगद्रव्यं आणि पॉलिफेनॉलं. वाइनच्या आरोग्यदायी असण्याची सगळी कीर्ती या शेवटच्या शब्दावर उभी आहे. त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी ही दोन पिकं एका मातीत शेजारी कशी आली ते बघू.

दख्खनला द्राक्ष नवं नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा त्याने तिथल्या द्राक्ष-डाळिंबांची नोंद केली आणि ती वर्षातून दोनदा येतात असं लिहिलं. भोकरी, फकडी, साहेबी या जुन्या जाती आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी होत्या. पण निफाड तालुका आज जसा दिसतो तसा तो पाण्याने आणि आगगाडीने केला. १८६० च्या दशकात मुंबईहून घाट चढून भुसावळकडे जाणारी जीआयपी रेल्वेची लाइन टाकली गेली आणि निफाड, लासलगाव ही गावं तिच्यावर आली. गोदावरीवर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा १९११ पर्यंत पुरा झाला, त्यामागोमाग दारणेचं धरण झालं. कालव्याचं पाणी आणि वॅगन, दोन्ही हाताशी आले तेव्हा बाजरी-हरभऱ्याच्या जमिनीत बागायत शिरली. १९२५ च्या सुमारास ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी द्राक्षाची बाग उभी केली. नाशिकच्या द्राक्षशेतीची सुरुवात तिथून मोजतात. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी निवडलेली ‘चीमा साहेबी’ पुढे याच भागात मांडवावर चढली, आणि तिच्यामागून बिनबियांची थॉम्पसन आली.

कांद्याची वाट वेगळी. त्याला मांडव लागत नाही, भांडवल कमी लागतं, आणि वर्षात तीनदा तो घेता येतो. पावसाळ्यातला पोळ, त्यामागचा रांगडा आणि उन्हाळ. पोळ लाल, तिखट आणि नाशवंत. उन्हाळ टिकाऊ, चैत्र-वैशाखात काढून चाळीत भरला की दिवाळीपर्यंत पुरतो. ‘एन-५३’ ही खरिपाची जात नाशिकच्या नावावरूनच ओळखली जाते, आणि ‘बसवंत ७८०’ पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून निघाली. लासलगावची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली. आज देशातल्या कांद्याचा भाव तिथल्या लिलावाकडे बघून ठरतो.

आमच्या घरी दोन्ही पिकं होती. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, द्राक्षाची धास्ती असायची आणि कांद्याचा राग. द्राक्ष एका अवकाळीत, डाऊनी रोगाच्या एका साथीत हातचं जायचं. पण पिकलं तर घर उभं करायचं. कांदा दगा देत नसे, भाव दगा द्यायचा. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं कांदा-ऊस आंदोलन पेटलं. खेरवाडीला लोक रुळांवर बसले, गोळीबार झाला आणि शेतकरी मेले. नाना त्या गर्दीत होते. त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. पण कांद्याला कोणी ‘गरिबाचं तोंडीलावणं’ म्हणालं की ते उठून जायचे. २०१८ साली आमच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १०६४ रुपये मिळाले आणि त्याने ते पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. ही बातमी देशभर गाजली. त्या सगळ्या चर्चेत कांदा होता तो भाव म्हणून. तो एक अन्न आहे, आणि चांगलं अन्न आहे, हे कोणाच्याच बोलण्यात नव्हतं.

हे आजचं नाही. कांद्याला या देशात मान कधी मिळालाच नाही. मनुस्मृतीने द्विजांना लसूण आणि कांदा वर्ज्य ठरवले. सातव्या शतकात ह्युएनत्संगानेही लिहून ठेवलं की कांदा-लसूण खाणारे थोडे असतात आणि त्यांना गावाबाहेर राहावं लागतं. वैद्यकाची भूमिका मात्र निराळी होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पलांडूचे गुण दिले आहेत: कफ वाढवणारा, वात शमवणारा, जड, पण बल देणारा, रुची आणणारा आणि आहारात उपयोगी. म्हणजे धर्मशास्त्राने ज्याला पंगतीतून उठवलं, त्याला वैद्याने ताटात जागा दिली. त्याच चरकाने मद्याला चिकित्सास्थानात ‘मदात्यय’ हा अख्खा अध्याय दिला. त्यात विधीने घेतलेल्या मद्याची स्तुती आहे आणि अतिरेकाने होणाऱ्या रोगांची सविस्तर वर्णनं आहेत. मद्याची स्तुती करणारे लोक त्यातला पहिला भाग सांगतात. अध्यायाचं नाव रोगावरून आहे, एवढं मी त्यांना सांगते.

आमची आजी माळकरी होती. चातुर्मासात तिला कांदा चालत नसे. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, घरात कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, पातीचा झुणका असं सगळं व्हायचं आणि एकादशीपासून तिचा कांदा बंद. त्याच आषाढात चाळीतला उन्हाळ कांदा निवडायला लागतो. दमट हवेने सडलेले, कोंब फुटलेले वेगळे काढायचे, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, बाजूला करायची. आजी दिवसभर चाळीत बसून कांदा निवडायची आणि संध्याकाळी भाकरीबरोबर कच्ची मिरची खायची. तिच्या व्रताबद्दल मला आदर आहे. पण शेतात राबणाऱ्या बाईच्या ताटात त्या चार महिन्यांत कच्चं असं काय उरायचं, हा प्रश्न मला पोषणशास्त्र शिकताना पडला आणि मग सुटला नाही. ज्वारी-बाजरीच्या भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा हे आमच्याकडच्या मजुराचं दुपारचं जेवण आहे. वर्षाच्या कोरड्या महिन्यांत, पालेभाजी महाग असताना, न शिजवलेलं असं तेवढंच त्याच्या पोटात जातं.

या ताटाची मोजदाद पहिल्यांदा कुन्नूरला झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या इमारतीत बेरीबेरीच्या शोधासाठी एक छोटी प्रयोगशाळा सुरू केली. आजच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं ते मूळ. त्यांनी उंदरांचे गट करून प्रत्येकाला हिंदुस्थानातल्या एकेका प्रांताचा आहार दिला आणि वाढ मोजली. शिखांचा आहार पहिला आला, पठाणांचा दुसरा आणि मराठ्यांचा तिसरा. पुढे १९३७ मध्ये आयक्रॉइड यांनी भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. १९७१ मध्ये गोपालन, रामशास्त्री आणि बालसुब्रमणियन यांचं पुस्तक आलं, ज्याच्या कोष्टकांवर माझ्यासारख्या कित्येकजणी शिकल्या. २०१७ मध्ये डॉ. लोंगवा यांच्या देखरेखीखाली ५२८ खाद्यपदार्थांचं नवं विश्लेषण छापलं गेलं. शंभर वर्षांचं हे काम चिकाटीचं आहे आणि त्याचा गवगवा झाला नाही. रुग्णालयात कांदा महागला की ठेकेदार पहिली कात्री कांद्यालाच लावायचा, तेव्हा हीच कोष्टकं पुढे ठेवून मी भांडले आहे.

ज्या पाश्चरचं नाव कुन्नूरच्या त्या संस्थेला होतं, त्याच लुई पाश्चरने १८६६ मध्ये वाइनवर ग्रंथ लिहिला आणि वाइनला पेयांमध्ये अत्यंत आरोग्यकारक ठरवलं. तो काळ युरोपात पटकीच्या साथींचा होता. विहिरीच्या आणि नदीच्या पाण्यापेक्षा वाइन खरोखरच सुरक्षित होती. पाश्चरचं म्हणणं त्या पाण्याच्या तुलनेत खरं होतं. पुढे शहरांना स्वच्छ पाणी मिळालं, तुलना संपली, पण वाक्य उरलं. वाइनच्या बाटल्यांबरोबर ते फिरत राहिलं.

आपल्याकडे दारूला औषधाचा शिक्का बसला तो मात्र कायद्याने. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिण्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि त्या परवान्यावर कारण असतं आरोग्य राखण्याचं. दारू पिणं हे प्रकृतीसाठी आहे, असं सरकारी कागदावर लिहिलं जात आलं. राज्याचा हेतू बंदीचाच होता, पळवाट म्हणून आरोग्य घातलं. पण सत्तर वर्षं कागद असं म्हणत राहिला की माणसाच्या मनावर त्याचा परिणाम होतोच. ‘प्रकृतीसाठी थोडी’ हे शब्द मी इतक्या घरांत ऐकले आहेत की ते कुठून आले याबद्दल मला शंका उरली नाही.

आणि तरीही द्राक्षाची वाइन आमच्या गावांत नव्हती. पेठ-सुरगाण्याकडे मोहाची होती, खाली ताडी होती, बाटलीतली देशी होती. द्राक्षापासून वाइन करणं हे १९८० च्या दशकात नारायणगावला सुरू झालं. शामराव चौगुले यांनी फ्रान्सचं तंत्र आणून तिथे फसफसणारी वाइन केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशात विकली. नाशिकला तिचा जम बसला तो नंतर. राजीव सामंत अमेरिकेतून परत आले, गंगापूर धरणाच्या बाजूला वडिलोपार्जित जमिनीवर सोविन्यों ब्लांक आणि शेनिन ब्लांक लावली, आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण जाहीर केलं. राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाइन पार्क झाले. विंचूर म्हणजे लासलगावच्या अगदी शेजारी. ज्या रस्त्याने कांद्याचे ट्रॅक्टर जातात त्याच रस्त्याला वायनरीच्या पाट्या लागल्या.

शेतकऱ्यांना त्यात जे दिसलं ते मला पटतं. खाण्याच्या द्राक्षाला मण्यांची फुगवण लागते, जिबरेलिकच्या द्रावणात घड बुडवावे लागतात, विरळणीला मजूर लागतात, निर्यातीला रंग, आकार, औषधांचे अंश सगळं मोजलं जातं. शिराझ किंवा काबर्ने या वाइनच्या जातींना मणी लहानच हवा, बी चालते, घड देखणा नसला तरी चालतो. करार करून भाव आधी ठरतो. ज्याने कांद्याच्या लिलावात उभं राहून तासाभरात भाव निम्मा होताना पाहिला आहे, त्याला ठरलेला भाव म्हणजे केवढा दिलासा. माझ्या धाकट्या भावाने थॉम्पसनची अर्धी बाग काढून शिराझ लावली. दोन-तीन हंगाम बरे गेले. मग २००८ ची मंदी आली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्यांमध्ये वाइन साचली. त्याची द्राक्षं घेणाऱ्या कंपनीने पैसे थकवले. तालुक्यात तशा कित्येक बागा कुऱ्हाडीने तोडल्या गेल्या, त्यात त्याचीही गेली. तिथे आता उन्हाळ कांदा असतो. म्हणून वाइनच्या बाजूने बोलणारा शेतकरी मला कधी चुकीचा वाटत नाही. त्याला पिकाचे पैसे हवे आहेत, आणि ते त्याला मिळायला हवेत.

मला जे खटकतं ते त्याच्यावर लादलेलं आरोग्याचं बोलणं. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटांत वाइन ठेवायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. विरोध झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, निर्णय पुढे सरकला नाही. त्या महिन्यांत वाइन म्हणजे दारू नव्हे, वाइन म्हणजे फळाचा रस, वाइन हृदयाला पोषक, असं व्यासपीठांवरून आणि वाहिन्यांवरून बोललं गेलं. शेतकऱ्याच्या उत्पन्नाचा मुद्दा खरा होता, सरळ होता आणि पुरेसा होता. त्याला पोषणाचा आधार कशाला हवा होता?

हा आधार आला कुठून, तेही सांगते. नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात फ्रान्सची गोष्ट सांगितली गेली. तिथले लोक लोणी-चीज खातात, तरी हृदयविकाराने कमी मरतात, आणि कारण कदाचित रेड वाइन असेल. त्यानंतर अमेरिकेत रेड वाइनचा खप झपाट्याने वाढला. पुढच्या वर्षी सर्ज रेनो आणि मिशेल द लॉर्झरिल यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि ‘फ्रेंच पॅराडॉक्स’ हे नाव जगभर झालं. त्याच वर्षी वाइनमध्ये रेस्व्हेराट्रॉल हे पॉलिफेनॉल असल्याचं दाखवलं गेलं आणि पत्रकारांना एक रेणू मिळाला. तीस वर्षांनी तोच रेणू निफाडच्या सभेत ऐकू आला.

१९९३ मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आणखी एक लेख आला होता. नेदरलँड्समधल्या झुटफेन या गावातल्या ८०५ वयस्क पुरुषांचा आहार हर्टोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला. ज्यांच्या जेवणातून फ्लॅव्हॉनॉइड जास्त जात होती, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण कमी आढळलं. ही फ्लॅव्हॉनॉइड त्यांना मिळत होती चहातून, कांद्यातून आणि सफरचंदातून. चहाचा वाटा ६१ टक्के, कांद्याचा १३, सफरचंदाचा १०. वाइनची लाट उसळली होती त्याच सुमारास, त्याच नियतकालिकात कांद्याचं नाव छापून आलं. पण कांद्याच्या मागे कोणी कंपनी नव्हती, त्याच्यासाठी कोणी कार्यक्रम केला नाही. लासलगावला ही बातमी पोचलीच नाही.

क्वेर्सेटिन हे या फ्लॅव्हॉनॉइडांतलं मुख्य द्रव्य. रेड वाइनच्या १०० मिलिलिटरमध्ये ते साधारण एक-दोन मिलिग्रॅम असतं. कांद्यात जातीनुसार फरक पडतो, पण लाल कांद्याच्या १०० ग्रॅममध्ये ते ४० मिलिग्रॅमच्या जवळ जाऊ शकतं. पन्नास ग्रॅमचा एक लहान लाल कांदा घ्या. त्यातलं क्वेर्सेटिन वाइनमधून मिळवायचं तर एक ते दोन लिटर प्यावी लागेल. १३ टक्के अल्कोहोलच्या एका ७५० मिलिलिटर बाटलीत शुद्ध अल्कोहोल सुमारे ७७ ग्रॅम असतं, यावरून त्या दोन लिटरचं काय होईल ते कळेल. शिवाय अंगी किती लागतं हाही प्रश्न आहे. २००१ मध्ये डच संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना आळीपाळीने कांदा, चहा आणि रेड वाइन अशा मात्रेत दिली की तिन्हींतून क्वेर्सेटिन सारखंच जावं. त्यासाठी कांदा लागला ५० ग्रॅम आणि वाइन ७५० मिलिलिटर. तरीही रक्तात क्वेर्सेटिन जास्त सापडलं ते कांद्यानंतरच. कांद्यात ते साखरेशी जोडलेल्या रूपात असतं आणि आतड्यातून सहज शोषलं जातं.

रेस्व्हेराट्रॉलचा निकालही वाइनच्याच देशातून आला. इटलीत किआंती या प्रसिद्ध वाइनच्या प्रदेशात पासष्टीच्या पुढच्या ७८३ जणांच्या लघवीतलं रेस्व्हेराट्रॉल मोजून त्यांचा नऊ वर्षं पाठपुरावा केला. ज्यांच्यात ते जास्त होतं ते अधिक जगले नाहीत, त्यांना हृदयविकार किंवा कर्करोग कमी झाला असंही दिसलं नाही. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. अल्कोहोल कर्करोगकारक आहे हे तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच पहिल्या गटात नोंदवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केलं की अल्कोहोलचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. थोडी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी दिसत होते, त्याचं मोठं कारण असं निघालं की न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले गेले होते.

आता बाटलीवरच्या चिठ्ठीबद्दल. युरोपीय संघात ८ डिसेंबर २०२३ पासून तयार होणाऱ्या वाइनवर ऊर्जेचा आकडा आणि घटकांची माहिती देणं सक्तीचं आहे. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मद्याच्या बाटलीवर कोणताही आरोग्याचा दावा करायला मनाई केली, हे फार चांगलं झालं. त्याच नियमांनी पोषणाची माहिती छापायलाही मनाई केली. नंतर दुरुस्ती होऊन किलोकॅलरीचा आकडा ऐच्छिक झाला. तो सक्तीचा व्हायला हवा. एका बाटलीत सव्वासहाशेच्या वर किलोकॅलरी आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या अल्कोहोलच्या आहेत, हे मधुमेहाच्या माणसाला बाटली उचलतानाच कळलं पाहिजे. नाशिकच्या वाइन उत्पादकांनी सरकारची वाट न बघता हे स्वतः छापावं, अशी माझी त्यांना विनंती आहे. त्यांच्या वाइनला भौगोलिक मानांकन आहे, परदेशात तिचं नाव आहे. चवीवर, मातीवर आणि कारागिरीवर ती विकली जावी. तिला औषधाचं नाव देऊ नये.

आणि वाचकांना एक सांगणं. क्वेर्सेटिन कांद्याच्या बाहेरच्या पाकळ्यांत सर्वांत जास्त असतं, आत जावं तसं कमी होत जातं. घाईत सोलताना आपण सुकलेल्या टरफलाबरोबर एक-दोन रसदार पाकळ्याही टाकून देतो. कांदा उकळला तर ते पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी आमटीत घ्या. फक्त कोरडं टरफल काढा, खालची पाकळी ठेवा, आणि पोट झेपत असेल तर दुपारच्या जेवणात अर्धा कांदा कच्चा खा.